‘सर्वांना समान’ असे लिहू नका: आरोग्यसेवेच्या विधेयकाचा मसुदा करताना

पत्र: मी एका डोंगरी तालुक्यातली ग्रामपंचायत सदस्य आहे. उपकेंद्र आमच्या गावापासून नऊ किलोमीटरवर, प्राथमिक आरोग्य केंद्र बावीस किलोमीटरवर. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की वाट बंद होते. उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेचे पद कागदावर भरलेले आहे, पण त्या दोन वर्षांपासून तालुक्याच्या ठिकाणी काम करतात. शेजारच्या सपाटीच्या तालुक्यात मात्र दवाखाने जवळच आहेत. हा विषय घेऊन आम्ही आमदारांकडे गेलो. ते म्हणाले, “गावोगावची आरोग्यसेवा न्याय्य व्हावी म्हणून मी अशासकीय विधेयक मांडतो. मसुद्यात काय हवे ते तुम्ही लिहून आणा.” मी बारावी शिकले आहे. काय लिहू आणि कुठून सुरुवात करू?

उत्तर:

ताई, आमदारांनी मसुदा मागितला हे चांगले झाले. कायद्याची भाषा नीट बसवायला विधानमंडळ सचिवालय मदत करते. तुमच्याकडून हवे आहे ते दुसरेच: तुमच्या वाड्यापाड्यांवर नेमके कुठे अडते आणि त्यावर कोणती तरतूद चालेल. ते मंत्रालयातल्या कोणापेक्षाही तुम्हाला चांगले माहीत आहे.

आधी अपेक्षा स्पष्ट करून घ्या. अशासकीय विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक, आणि त्याचा कायदा होणे फार दुर्मीळ. संसदेत आजवर अशी १४ विधेयकेच मंजूर झाली, शेवटचे १९७० साली. शिवाय ज्या विधेयकामुळे राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल, ते राज्यपालांच्या शिफारशीशिवाय सभागृहाला मंजूर करता येत नाही (संविधानाचा अनुच्छेद २०७). मग एवढी मेहनत कशाला? विधेयक मांडले गेले की विषय सभागृहाच्या नोंदीवर येतो आणि चर्चेला लागले तर मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते. शासनाला पटले तर त्यातली दोन-चार कलमे शासन निर्णयात किंवा शासनाच्या स्वतःच्या विधेयकात उचलली जातात. म्हणून प्रत्येक कलम असे लिहा की ते एकटे उचलले तरी कामाचे ठरेल.

अधिकाराचा प्रश्न सोपा आहे. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हा विषय सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीत सहाव्या क्रमांकावर आहे, म्हणजे विधानसभा यावर कायदा करू शकते. पंचायतींकडे सोपवायच्या विषयांच्या अकराव्या अनुसूचीतही प्राथमिक आरोग्य केंद्रे तेविसाव्या क्रमांकावर आहेत. ‘हा केंद्राचा विषय आहे’ असे कोणी म्हणाले तर हे दोन क्रमांक सांगा.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या मनात पहिले वाक्य बहुधा ‘राज्यातील सर्व नागरिकांना समान आरोग्यसेवा मिळेल’ असे असेल. ते लिहू नका. ‘समान’ या शब्दानेच डोंगरी तालुक्याचे नुकसान होते. ते आकड्यांत पाहा.

राष्ट्रीय निकषांप्रमाणे सपाटीवर ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र धरले जाते. डोंगरी व आदिवासी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० आहेत. हिशेबासाठी धरू की एक उपकेंद्र चालवायला वर्षाला १२ लाख रुपये लागतात. सपाटीवर ते माणशी २४० रुपये पडतात, डोंगरात ४०० रुपये. आता सगळ्यांना ‘समान’ म्हणून माणशी २४० रुपये दिले, तर डोंगरातल्या ३,००० लोकांच्या उपकेंद्राला ७ लाख २० हजार मिळतील. सेविकेचा पगार तर तेवढाच, औषधांचे कपाट तेवढेच, इमारतही तेवढीच. म्हणजे ४० टक्के तूट पहिल्या दिवसापासून, कोणी एक पैसा न खाता. त्यात वाहनाचे डिझेल धरलेलेच नाही, आणि ते डोंगरात जास्तच लागते.

म्हणून कलमात ‘समान’ऐवजी ‘गरजेच्या प्रमाणात’ लिहा आणि गरज कशी मोजायची तेही कायद्यातच लिहा. ते नियमांवर सोडले तर पुन्हा लोकसंख्येचाच आकडा येईल. मोजमापाला चार गोष्टी पुरेत: लोकसंख्या, वस्तीपासून केंद्रापर्यंत लागणारा वेळ, वस्त्यांचे विखुरलेपण, आणि आजारपण व मृत्यूचे प्रमाण. दहा-बारा निकष घातले की सूत्र कोणालाच कळत नाही, आणि न कळणारे सूत्र वाकवणे सोपे जाते.

यातला वेळ सर्वांत महत्त्वाचा. किलोमीटर लिहू नका, मिनिटे लिहा, आणि ती पावसाळ्यातली. तुमचे नऊ किलोमीटर मे महिन्यात जीपने वीस मिनिटांचे असतील, जुलैत ते चार तासांचे होतात. ढोबळमानाने असे कलम चालेल: ‘कोणत्याही वस्तीपासून, वर्षातील सर्वांत प्रतिकूल ऋतूत, उपलब्ध सार्वजनिक किंवा शासकीय वाहनाने, प्राथमिक उपचाराच्या ठिकाणी तीस मिनिटांत आणि प्रसूतीची सोय असलेल्या ठिकाणी साठ मिनिटांत पोचता येईल, अशी व्यवस्था राज्य शासन करील; जेथे तशी व्यवस्था नसेल तेथे फिरते पथक, प्रसूतिपूर्व निवासाची सोय किंवा नवे उपकेंद्र यांपैकी पर्याय शासन उपलब्ध करून देईल.’ पर्यायाची दुसरी ओळ गाळू नका. तीस मिनिटांचा नियम राज्यभर लगेच पाळता येणार नाही हे शासनाला माहीत आहे. पर्याय नसेल तर ते अख्खे कलमच नाकारतील.

या कलमातला ‘करील’ हा शब्द पाहा. मराठी कायद्यात ‘शासन करील’ म्हणजे बंधन आणि ‘शासनास करता येईल’ म्हणजे मर्जी. मसुदा हातोहात फिरताना ‘करील’चे ‘करता येईल’ होते, आणि वाचताना दोन्ही सारखेच वाटतात. अंतिम प्रत हातात आली की फक्त क्रियापदे तपासा, एक-एक करून.

लोकसंख्येबद्दल आणखी एक खाच. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे २०११ चे आकडेच वापरात राहिले. ‘अद्ययावत लोकसंख्या’ एवढेच लिहिले तर पुढची आकडेवारी येईपर्यंत जुनीच धरतील. मधल्या काळासाठी आशा कार्यकर्त्यांनी केलेली घरोघरची नोंद ग्राह्य धरावी, असे लिहा. त्याच कलमात स्थलांतरितांना जागा करा. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे सहा महिने गावच्या यादीत गैरहजर असतात आणि कारखान्याच्या फडावर तर कोणाच्याच यादीत नसतात. ‘जेथे माणूस प्रत्यक्ष राहत असेल तेथे, रहिवासाचा पुरावा न मागता’ एवढे शब्द घातले तरी गरोदर बाईची तपासणी आणि मुलाची लस अडणार नाही.

आता तुमच्या आरोग्य सेविकेचा प्रश्न. पद भरलेले आणि माणूस नाही, याचे कारण बहुतेकदा प्रतिनियुक्ती असते. मूळ नेमणूक उपकेंद्रात, पगारही तिथूनच, पण तोंडी किंवा लेखी आदेशाने काम दुसरीकडे. रिक्त पदांच्या तक्त्यात ते पद ‘भरलेले’ दिसते आणि नवी भरती होत नाही. तालुक्याच्या ठिकाणीही माणसे कमी असतात म्हणून हे होते, आणि दर वेळी कात्री लागते ती सर्वांत दूरच्या उपकेंद्राला. यावर इलाज व्याख्येत आहे. विधेयकाच्या व्याख्यांच्या कलमात लिहा: ‘भरलेले पद म्हणजे ज्या पदावरील व्यक्तीने त्या महिन्यात मंजूर ठिकाणी किमान वीस दिवस प्रत्यक्ष सेवा दिली असे पद.’ पुढे जोडा: दुर्गम केंद्रातून प्रतिनियुक्ती करायची असेल तर लेखी कारण, नव्वद दिवसांची कमाल मर्यादा, आणि त्या काळात बदली माणूस. तुमच्या मसुद्यातून एकच ओळ वाचणार असेल, तर ती ही व्याख्या असावी असे आम्हाला वाटते. हिला पैसा लागत नाही, आणि तक्ता खरा झाला की पुढचे सगळे मोजता येते.

उत्तरदायी कोण, हे लिहिताना घाई करू नका. ‘सार्वजनिक आरोग्य विभाग जबाबदार राहील’ असे लिहिले की निम्म्या संस्था बाहेर राहतात. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. महापालिकेचा दवाखाना महापालिकेकडे. बाई उपकेंद्रातून ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून महाविद्यालयात पाठवली गेली, की ती तीन वेगवेगळ्या साहेबांच्या हद्दीतून जाते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने सरकारी दवाखान्यांतले उपचार मोफत केले, तेव्हाही निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता, वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात आली नाहीत. म्हणून व्याख्येत ‘शासनाच्या कोणत्याही विभागाची किंवा स्थानिक प्राधिकरणाची आरोग्य संस्था’ असे शब्द घ्या, आणि जिल्ह्यात एकच अधिकारी अंतिम उत्तरदायी ठरवा. जिल्हाधिकारी ठीक राहतील, कारण जिल्ह्यातल्या सगळ्या यंत्रणांना एकत्र बसवणे त्यांनाच जमते.

आणि कृपा करून शिक्षेचे कलम सेविका, आशा किंवा एकट्या डॉक्टरवर रोखू नका. औषध संपले तर दोष मागणी करणाऱ्या सेविकेचा नसतो, मागणी दाबून ठेवणाऱ्याचा असतो. जो पद भरू शकतो, औषध पाठवू शकतो, वाहन देऊ शकतो, त्याच्यावरच दंड लागावा. नाहीतर दुर्गम भागात यायला आधीच नाखूश असलेली माणसे अजून लांब पळतील.

दाद मागण्याच्या कलमासाठी नमुना तयार आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ उघडा. त्यात पदनिर्देशित अधिकारी, नियत कालमर्यादा, प्रथम अपील, द्वितीय अपील, मग आयोग आणि ५०० ते ५,००० रुपये शास्ती अशी उतरंड आहे. पण तो मुख्यत्वे दाखले, नोंदणी, परवाने अशा अधिसूचित सेवांना लागतो. दाखल्याला तीस दिवस चालतात, ताप आलेल्या मुलाला चालत नाहीत. म्हणून उतरंड घ्या, मुदती बदला. औषध नसेल तर ४८ तास. डॉक्टर सलग गैरहजर असेल तर पर्यायी डॉक्टर ७२ तासांत. पद रिक्त असेल तर ६० दिवसांत भरती, तोवर आळीपाळीने माणूस. आणि मुदत चुकली तर रुग्णाला काय, हेही लिहा.

इथे आपल्याच राज्याच्या एका कायद्याकडे पाहा. रोजगार हमी कायदा, १९७७. त्यात दोन गोष्टी होत्या ज्यामुळे ती हमी खरी हमी ठरली. एक, मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम नाही मिळाले तर बेकारी भत्ता. दोन, पैशाची स्वतंत्र सोय: १९७५ चा व्यवसाय कर त्यासाठीच बसवला गेला होता. तुमच्या विधेयकातही ‘केंद्रात सेवा न मिळाल्यास, पुढच्या सरकारी केंद्रापर्यंतचा प्रवासखर्च पंधरा दिवसांत’ अशी भरपाई घाला. रक्कम लहान असो. भरपाईची प्रत्येक पावती म्हणजे सेवा न मिळाल्याची अधिकृत नोंद, आणि वर्षअखेर त्या नोंदींवरूनच कोणत्या केंद्रात काय बिघडले ते दिसते.

पैशाचे कलम सर्वांत अवघड. नवा कर सुचवू नका, आमदार तिथेच थांबतील. त्याऐवजी वाटपाचा नियम मागा: आरोग्याच्या जिल्हास्तरीय तरतुदीतला ठरावीक हिस्सा वर सांगितलेल्या सूत्राने तालुकानिहाय वाटावा, आणि त्यातला किमान ७५ टक्के सप्टेंबरअखेर केंद्रांपर्यंत पोचावा. तारीख का? निधी फेब्रुवारीत हातात पडला तर ३१ मार्चपर्यंत खुर्च्या, रंगरंगोटी आणि छपाई यांपलीकडे काही घेता येत नाही. उरलेला परत जातो, आणि पुढच्या वर्षी ‘तुमची खर्च करण्याची क्षमता नाही’ म्हणून कापलाही जातो.

तालुका हाच एकक धरा, जिल्हा नको. दांडेकर समितीने १९८४ साली विकासाचा अनुशेष मोजला तेव्हा एकक जिल्हा होता. त्या मोजणीने विदर्भ-मराठवाड्याचा प्रश्न आकड्यांत मांडला, हे तिचे मोठे काम. पण जिल्ह्याची सरासरी काढली की शहराजवळचे तालुके डोंगरातल्या तालुक्याची उणीव झाकून टाकतात. अनुच्छेद ३७१(२) मध्ये निधीच्या न्याय्य वाटपाची तरतूद आहेच, पण त्याखालची विकास मंडळे एप्रिल २०२० मध्ये मुदत संपून बंद झाली. म्हणजे मोजणारी यंत्रणा मुदतीवर चालणारी नको. दरवर्षी तालुकानिहाय तक्ता विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवण्याचे बंधन कायद्यातच हवे.

राजस्थानकडून दोन धडे घ्या. तिथे २१ मार्च २०२३ रोजी आरोग्य हक्क विधेयक मंजूर झाले, देशातले या प्रकारचे पहिले. खासगी रुग्णालयांनी आगाऊ पैसे न घेता आपत्कालीन उपचार करावेत, ही तरतूद त्यात होती. तिचा परतावा कोण, किती, केव्हा देणार हे डॉक्टरांना स्पष्ट दिसेना, मोठे आंदोलन झाले आणि ४ एप्रिलला समझोता करावा लागला. पुढे नियम वेळेत न आल्याने कायदा अडकून राहिला. तुमचा विषय सरकारी सेवेच्या वाटपाचा आहे, तेव्हा खासगी रुग्णालयांना त्यात ओढू नका. तो स्वतंत्र लढा आहे आणि त्याला स्वतंत्र हिशेब लागतो. दुसरे, ‘नियम सहा महिन्यांत करण्यात येतील, आणि ते होईपर्यंतही कलमे अमुक ते अमुक लागू राहतील’ अशी ओळ घाला.

रुग्ण कल्याण समिती आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती या दोन्ही आज राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांवर उभ्या आहेत. त्यांना कायद्यात जागा द्या: बैठक किती महिन्यांनी, जमाखर्च फलकावर, निम्म्या सदस्य महिला. लोकाधारित देखरेख आणि जनसुनवाई महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत झाली आहे. वर्षातून एक जनसुनवाई कायद्याने सक्तीची करा, आणि तिच्यातल्या प्रश्नांना तीस दिवसांत लेखी उत्तर.

आता पुरावे. उद्देश व कारणे यांच्या निवेदनात ‘परिस्थिती बिकट आहे’ लिहून भागत नाही, तुमच्या तालुक्याचे आकडे लागतात. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून करा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, दाखल्याची प्रत जोडायची. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून सगळे एकाच अर्जात कोंबू नका, तो त्याच कारणाने परत येतो. वेगवेगळे अर्ज असे: तालुक्यातील मंजूर, भरलेली व प्रतिनियुक्तीवरील पदे, केंद्रनिहाय; मागच्या बारा महिन्यांचे उपकेंद्राचे हजेरीपत्रक; त्याच काळातला औषधसाठा आणि मागणीपत्रे; तुमच्या गावातून रुग्णवाहिकेच्या १०८ क्रमांकाला गेलेले कॉल आणि गाडी पोचायला लागलेला वेळ; केंद्रात झालेल्या व पुढे पाठवलेल्या प्रसूतींची संख्या. रुग्णांची नावे मागू नका, फक्त संख्या मागा. नावे मागितली की खासगी माहिती म्हणून नकार येतो, आणि तो नकार योग्यच असतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, त्याला २० रुपयांचा स्टँप, आणि निर्णयाला जास्तीत जास्त ४५ दिवस. हिवाळी अधिवेशन नागपूरला साधारण डिसेंबरात असते. मागे मोजत आलात तर अर्ज ऑगस्टच्या आतच पडायला हवेत.

अर्ज चालू असताना वाड्यापाड्यांचा तक्ता स्वतः करा. प्रत्येक वस्तीसाठी एक ओळ: घरे, माणसे, उपकेंद्रापर्यंत कोरड्या दिवसांतली मिनिटे, पावसातली मिनिटे, वाट बंद राहिलेले दिवस, मोबाइलला रेंज आहे की नाही. रेंजचा रकाना विसरू नका. जिथे १०८ लागतच नाही, तिथून कॉलच नोंदला जात नाही, आणि कागदावर ते गाव ‘मागणी नाही’ असे दिसते.

मग ग्रामसभा. १५ ऑगस्टची सभा सोयीची आहे. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असलेली संख्या. बायकांना मुद्दाम बोलवा, प्रसूतीचा आणि वाहनाचा अनुभव त्यांचाच आहे. ठराव असा लिहून घ्या: ‘सोबतच्या तक्त्यातील वस्त्यांना तीस मिनिटांत प्राथमिक उपचार मिळत नाहीत. ही ग्रामसभा मागणी करते की आरोग्य निधी व पदांचे वाटप लोकसंख्येबरोबर प्रवासाचा वेळ धरून व्हावे, आणि प्रतिनियुक्तीवरील पद रिक्त मानले जावे.’ सूचक, अनुमोदक, इतिवृत्तातला ठराव क्रमांक, ग्रामसेवकांची (आता ग्रामपंचायत अधिकारी) सही असलेली प्रत. तालुक्यातल्या आणखी आठ-दहा गावांनी हाच मजकूर, शब्दही न बदलता, मंजूर केला तर आमदारांच्या हातात वजन येईल.

आणि विधेयकाची वाट पाहत सेविकेचा प्रश्न अडकवून ठेवू नका. प्रतिनियुक्तीचा आदेश कोणाच्या सहीचा आणि किती मुदतीचा आहे, हे विचारणारे पत्र आजच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. लेखी आदेश नसेल, किंवा मुदत केव्हाच संपलेली असेल, तर सेविकेला उपकेंद्रात परत पाठवायला कोणताही नवा कायदा लागत नाही.